बिनझग्याची सिस्टर

आमच्या शाळेतल्या सिस्टरांना केस असतात की नसतात, यावरून चौथी 'ब' मध्ये उघड उघड दोन तट पडले होते. मी 'नसतात' पक्षात होते. पुढे एका स्नेहसंमेलनात मांडव वाऱ्याने फडफडला, प्रार्थनेच्या सिस्टरांचं डोक्यावरचं वस्त्र मागे सरकलं, आणि आत आमच्या आज्यांसारखेच पिकलेले, मानेवर कापलेले केस दिसले. सिस्टरांनी एका हाताने वस्त्र सारखं केलं, दुसऱ्या हाताने पडू घातलेला खांब धरला आणि आम्हाला रांगेत बाहेर काढलं. आमचा पक्ष हरला. पण सिस्टर म्हणजे पांढरा झगा, कमरेला जपमाळ आणि व्हरांड्यात पावलांचा आवाज न होणं, ही डोक्यातली व्याख्या काही बदलली नाही. झगा गेला की सिस्टर गेली.

ती व्याख्या मोडली पुण्यात, माझ्या घरच्या सोफ्यावर, १९ ऑगस्ट २०१७ ला. शनिवार होता. बाबा निवृत्तीनंतर वणीहून माझ्याकडे राहायला आले होते आणि मोबाइलवर काहीतरी बघत होते. एरवी ते मोबाइल हातभर लांब धरून बघतात, त्या दिवशी डोळ्यांशी नेला होता. मी मागून डोकावले. सैनिकांच्या खांद्यावर एक शवपेटी, तिच्यावर हिरवा-पांढरा झेंडा, आणि मागे एका मोठ्या चर्चचं दार. झेंडा पाकिस्तानचा होता.

"कोण गेलं, बाबा?"

"आमच्या खात्यातल्या बाई," बाबा म्हणाले.

बाबांचं खातं म्हणजे कुष्ठरोग. चौतीस वर्षं ते कुष्ठरोग तंत्रज्ञ होते, यवतमाळ जिल्ह्यातल्या वेगवेगळ्या तालुक्यांत. लोकांच्या तोंडी 'लेप्रसीवाले', आणि खेड्यातल्या पोरांच्या तोंडी 'चट्टेवाले साहेब'. सायकलला अडकवलेल्या रेक्झिनच्या पिशवीत एक जाडजूड रजिस्टर, कापसाची गुंडाळी, रिफिल संपलेलं एक बॉलपेन आणि गोळ्यांची पाकिटं. आई ती पिशवी घरात आणू द्यायची नाही, ओसरीवरच्या खुंटीला लावायची. नवऱ्याला घरात घ्यायचं, त्याच्या पिशवीला नाही, हा हिशोब मला तेव्हाही कळला नव्हता. बाबा मात्र त्यावर कधी बोलले नाहीत. आपल्या बायकोचं मत बदलायला आपल्याला वीस वर्षं लागतील आणि तालुक्यात तर अजून दीड लाख लोक बाकी आहेत, असं काहीसं त्यांचं गणित असावं.

शवपेटीतल्या बाईंचं नाव होतं डॉ. रूथ फाऊ. जर्मन, डॉक्टर, आणि कॅथलिक सिस्टर. आदल्या आठवड्यात, १० ऑगस्टला, कराचीत वारल्या होत्या, सत्त्याऐंशी वर्षांच्या होऊन. फोटोत अंगावर सलवार-कमीज, खांद्यावर ओढणी, पिकलेले केस मोकळे. झगा कुठेच नाही. मी बाबांना म्हटलं, या सिस्टर नसतील, डॉक्टर असतील नुसत्या. बाबा म्हणाले, "वर्ध्याला ट्रेनिंगला होतो तेव्हा आमचे सर सांगायचे, तिकडे कराचीत एक सिस्टर आहेत, त्या आपल्यासारखीच माणसं तयार करतात." 'आपल्यासारखीच' म्हणताना त्यांचा आवाज थोडा वर गेला. चौतीस वर्षांत कोणी त्यांना कुणासारखं म्हटलं नव्हतं.

त्यानंतर मी या बाईंच्या मागे लागले. आधी झग्याचं कोडं सोडवलं.

रूथ फाऊ ज्या संस्थेच्या होत्या तिचं नाव 'डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी'. तिचा जन्म फ्रेंच राज्यक्रांतीतला. फेब्रुवारी १७९० मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रसभेने धार्मिक व्रतं बेकायदा ठरवली, मठ बंद पडायला लागले. तेव्हा क्लोरिविएर नावाचे एक जेझुइट धर्मगुरू आणि मारी-अॅडलेड द सीसे या बाईंनी ठरवलं, की मठ नसेल तर नसू दे, वेष नसेल तर नसू दे. व्रत घ्यायचं ते मनात घ्यायचं आणि चारचौघींसारखं राहून काम करायचं. मारी-अॅडलेड बाई पुढे नेपोलियनवरच्या बॉम्बहल्ल्याच्या खटल्यात गोवल्या गेल्या, तुरुंगात राहिल्या, निर्दोष सुटल्या. अडचणीपोटी काढलेली ही वाट पुढे अडचण सरल्यावरही संस्थेने सोडली नाही. म्हणून या सिस्टर तुमच्या शेजारी बसमध्ये बसल्या तरी तुम्हाला कळणार नाही.

आणि त्या बसल्याही असतील. मुंबईत न्यू मरीन लाइन्सला 'निर्मला निकेतन' आहे ना, समाजकार्याचं महाविद्यालय? १९५५ साली सुरू केलं ते याच सिस्टरांनी. महाराष्ट्रातल्या सामाजिक संस्थांमध्ये निर्मला निकेतनची माणसं पावलोपावली भेटतात. माझी एक मैत्रीण तिथूनच शिकली. तिला विचारलं तर म्हणाली, "सिस्टर होत्या गं, पण साडीतल्या. आम्हाला वाटायचं, मॅडमच." म्हणजे सव्वादोनशे वर्षांपूर्वीची पॅरिसमधली युक्ती मरीन लाइन्सपर्यंत व्यवस्थित चालत आली होती.

रूथ फाऊंचा जन्म ९ सप्टेंबर १९२९ चा, जर्मनीतल्या लाइपझिगचा. घर प्रोटेस्टंट. 'फाऊ' म्हणजे जर्मन भाषेत मोर. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यात घर गेलं. युद्ध संपलं तेव्हा त्या पंधरा वर्षांच्या होत्या. लाइपझिग रशियनांच्या ताब्यातल्या भागात आलं. १९४८ मध्ये त्या सीमा ओलांडून पश्चिमेकडे आल्या आणि माइन्झ व मारबुर्ग इथे वैद्यक शिकल्या. या काळात त्यांना एक डच बाई भेटली. छळछावणीतून जिवंत परतलेली, आणि परतल्यावर क्षमेबद्दल बोलत फिरणारी. ज्यांच्या लोकांनी छळलं त्या जर्मनांमध्ये येऊन ती हे बोलत होती. त्या भेटीने रूथ ढवळून निघाल्या. १९५३ मध्ये त्या कॅथलिक झाल्या, १९५७ मध्ये संस्थेत दाखल झाल्या. मधे लग्नाचा विषयही आला होता म्हणतात. असो, तो त्यांचा प्रश्न.

संस्थेने त्यांना पाठवलं भारतात. हो, भारतात. मार्च १९६० मध्ये त्या कराचीला पोचल्या त्या वाटेतला मुक्काम म्हणून. भारताच्या व्हिसाचं काहीतरी अडलं होतं. व्हिसाचा कागद वेळेवर आला असता तर त्या आपल्याकडे कुठेतरी दवाखाना चालवत राहिल्या असत्या. आता सरकारी कागद अडला की मी चिडण्याआधी क्षणभर थांबते. क्षणभरच.

कराचीत मॅक्लिओड रोड नावाचा रस्ता होता. आता त्याला चुंद्रीगर रोड म्हणतात, बँकांच्या उंच इमारती आहेत तिथे. तेव्हाही तो पैशाचाच रस्ता होता. त्याच्या मागे, सिटी स्टेशनजवळ, कुष्ठरोग्यांची वस्ती होती. झोपड्या, उघडी गटारं, भीक मागून जगणारी माणसं. संस्थेच्या काही सिस्टर तिथे आधीपासून जात होत्या. मेक्सिकोहून आलेल्या, औषधनिर्माणशास्त्र शिकलेल्या बर्निस वार्गास त्यांतल्या एक. त्यांनी या नव्या डॉक्टरणीला एक दिवस सोबत नेलं. खोक्यांच्या फळ्या ठोकून उभी केलेली खोली हाच दवाखाना. तिथे रूथ यांनी एक पठाण पाहिला, साधारण त्यांच्याच वयाचा. तो चिखलातून हातापायांवर रांगत दवाखान्यात आला. त्या पुढे आयुष्यभर सांगत राहिल्या, की त्याचं रांगणं त्यांना जेवढं लागलं त्याहून जास्त लागलं ते त्याला त्यात काहीच वावगं न वाटणं.

त्या तिथेच राहिल्या. सत्तावन्न वर्षं.

हा प्रसंग वाचताना मराठी माणसाला तुळशीराम आठवल्याशिवाय राहत नाही. वरोऱ्याला पावसात रस्त्याकडेला पडलेला, हातापायांची बोटं गेलेला तुळशीराम. बाबा आमटे त्याला बघून आधी घाबरून पळाले, मग त्या भीतीचीच लाज वाटून परत आले. तिथून पुढे आनंदवन झालं. आमच्या वणीहून वरोरा तसं जवळच, त्यामुळे ही गोष्ट आम्ही गोष्ट म्हणून नाही, शेजारची बातमी म्हणून ऐकली. सेवाग्रामला गांधीजी कुष्ठरोगी परचुरेशास्त्रींच्या अंगाला मालिश करतानाचा फोटो तर माझ्या बाबांच्या कार्यालयात भिंतीवरच होता. कुष्ठरोगाच्या कामाचं चित्र म्हणजे हेच: एक मोठं माणूस वाकलेलं आहे आणि एका झिजलेल्या देहाला हात लावतंय.

बाबा हा फोटो रोज बघायचे. एकदा ते मला म्हणाले होते, "गांधीजींनी एकाला हात लावला, म्हणून आम्हाला हजारोंना लावता आला. पण हात लावून रोग जात नाही ना पोरी. रोग गोळीने जातो, अन् गोळी रजिस्टरने जाते."

मला वाटतं, रूथ फाऊ यांचं मोठेपण ओळखायला हे वाक्य पुरेसं आहे. त्यांच्यावर जे लिहिलं जातं त्यात जखमा धुणं फार येतं. 'पाकिस्तानच्या मदर तेरेसा' हे तर ठरलेलंच. कुठलीही सिस्टर जरा नावारूपाला आली की तिला त्या साच्यात घालायचं. जखमा त्यांनी धुतल्याच असतील, शेकडोंच्या. पण जखमा धूत बसल्या असत्या तर मॅक्लिओड रोडवरच राहिल्या असत्या, आणि वस्तीही तशीच राहिली असती.

त्यांनी काय केलं, तर आधी शिकायला गेल्या. १९६१ मध्ये त्या वेल्लोरला आल्या. भारताचा व्हिसा अखेर मिळाला, पण तो कुष्ठरोग शिकण्यापुरता. वेल्लोर तेव्हा या रोगाची काशी होती. तिथे डॉ. पॉल ब्रँड वाकड्या झालेल्या बोटांवर शस्त्रक्रिया करत, आणि त्याहून मोठं म्हणजे, बोटं का जातात ते त्यांनी शोधून काढलं होतं. जंतू बोटं खात नाहीत. जंतू मज्जातंतूंवर बसतो, संवेदना जाते. मग चूल पेटवताना हात भाजतो तो कळत नाही, चपलेत खडा घुसतो तो कळत नाही. रात्री उंदीर बोट कुरतडतो, तरी जाग येत नाही. ब्रँड यांनी रुग्णांना घरी जाताना मांजर न्यायला सांगितलं होतं. हसू येईल, पण हा औषधोपचार होता. मॅक्लिओड रोडच्या वस्तीतही उंदरांची हीच कहाणी होती.

'बोटं झडतात' असं कोणी म्हटलं की बाबा उखडायचे. "झाडाची पानं झडतात. माणसाची बोटं झडत नाहीत. कोणी लक्ष दिलं नाही म्हणून जातात."

मग १९६३ च्या एप्रिलमध्ये कराचीच्या सदर भागात इमारत घेतली गेली आणि वस्तीतला दवाखाना तिथे हलला. नाव दिलं 'मारी अॅडलेड लेप्रसी सेंटर'. त्या झगा नसलेल्या पहिल्या बाईंचं. पाकिस्तानभरातून रुग्ण येऊ लागले, अफगाणिस्तानातूनही. इथे बहुतेक सेवाभावी माणसं थांबतात. इमारत झाली, खाटा भरल्या, देणग्या येताहेत. रूथ यांच्या लक्षात आलं, की जो कराचीपर्यंत येतो त्याची बोटं आधीच गेलेली असतात. रोगाला आपल्याकडे येऊ द्यायचं नाही, आपण त्याच्या दारात जायचं. आणि दारात जायला डॉक्टर कुठून आणणार? कुष्ठरोगाला डॉक्टर तेव्हा कुठेच मिळत नव्हते. म्हणून साठच्या दशकात त्यांनी दहावी-बारावी झालेल्या साध्या पोरांना शिकवायला घेतलं. त्वचारोगतज्ज्ञ डॉ. झरीना फजलभॉय यांची त्यात मोठी साथ. चट्टा कसा ओळखायचा, कोपरामागची नस कशी चाचपायची, स्लाइड कशी बनवायची, रुग्णाच्या घरच्यांना कसं तपासायचं. काही पोरं स्वतः बरे झालेले रुग्ण होती.

लेप्रसी टेक्निशियन. बाबांचंच पद.

सीमेच्या अलीकडे वर्ध्याच्या गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनने पन्नासच्या दशकातच ही पद्धत बसवली होती: सर्वेक्षण, शिक्षण, उपचार. त्यामुळे बाबांचे सर कराचीच्या सिस्टरांचं कौतुक करत होते ते आपलेपणाने. दोन देश एकमेकांवर रणगाडे घालत होते तेव्हा दोन्हीकडची काही पोरं सायकलवर बसून, लोकांच्या अंगावरचे चट्टे शोधत फिरत होती. या वाक्यात मी जरा काव्य केलं. बाबांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "सायकलला ब्रेक नव्हता, ते लिही."

बाबांची तपासणी मी लहानपणी बघितली आहे. घराच्या दारात उभं राहून ते आधी विचारायचे, "घरात किती जण?" रोगी कोण, हे नाही विचारायचे. कारण तसं विचारलं की दार बंद. किती जण, हा प्रश्न जनगणनेवालाही विचारतो, रेशनवालाही विचारतो. मग एकेकाला उन्हात उभं करायचं. उजेड खोटा नको म्हणून ऊनच लागतं. चट्टा दिसला की डोळे मिटायला सांगायचं आणि त्या बंद पेनाचं टोक अलगद टेकवायचं. "कुठं लागलं, बोट ठेव." चांगल्या कातडीवर बोट बरोबर पडतं. चट्ट्यावर टोक टेकवलं की माणूस डोळे मिटून नुसता वाट बघत उभा राहतो. त्याला वाटतं, साहेबांनी अजून सुरुवात केली नाही. ते उभं राहणं मी विसरू शकत नाही. बाबा मात्र रजिस्टर उघडून लिहायला लागलेले असायचे.

एक सापडला की त्याच्या घरचे सगळे. या रोगाचा जंतू शरीरात शिरल्यापासून चट्टा दिसेपर्यंत पाच वर्षं सहज जातात, कधी वीसही. म्हणजे आज ज्या पोराच्या अंगावर काही नाही त्याच्याकडे पुढली कित्येक वर्षं जात राहायचं. तेवढ्यात साहेबाची बदली होते. मग नवा साहेब. म्हणून रजिस्टर. बाबांच्या जुन्या रजिस्टरात काही नावांपुढे तीन वेगवेगळी हस्ताक्षरं आहेत.

रूथ फाऊंनी हेच एका देशाएवढं केलं. १९६८ मध्ये त्यांनी सरकारला राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमात उतरवलं. बलुचिस्तान, गिलगिट, काश्मीरचा तिकडचा भाग, सरहद्दीवरचे आदिवासी टापू, जिथे सरकारही जपून जायचं तिथे या बाई जीपने, आणि जीप थांबली की पायी. डोंगरात आईबापांनी भीतीपोटी गुरांच्या गोठ्यात, गुहेत कोंडून ठेवलेली मुलं त्यांनी शोधून काढली. ऐंशीच्या दशकात अफगाणिस्तानात युद्ध पेटलेलं असताना सीमा ओलांडून तिथल्या रुग्णांकडे गेल्या. हळूहळू देशभरात १५७ केंद्रं उभी राहिली. १९७९ मध्ये सरकारने त्यांना कुष्ठरोगाच्या सल्लागार नेमलं. १९८८ मध्ये नागरिकत्व दिलं. त्याच काळात औषधही बदललं होतं. नुसत्या डॅप्सोनने रोग दबायचा, पुढे तर तोही दबेना. ऐंशीच्या दशकात तीन औषधांचं मिश्रण आलं, एमडीटी. सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घ्या, रोग बरा. बाबा त्या पाकिटाबद्दल अजूनही देवाच्या प्रसादासारखं बोलतात. त्यातल्या एका गोळीने लघवी लाल होते आणि दुसरीने कातडी काळवंडते. पहिल्या महिन्यात माणसं घाबरून गोळ्या शेणखईत टाकायची, म्हणून महिन्याचा पहिला डोस समोर उभं राहून गिळायला लावायचा. हे कुठल्या पुतळ्याखाली लिहिलेलं सापडणार नाही.

१९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं, की पाकिस्तानात कुष्ठरोग नियंत्रणात आला. दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण, ही त्याची मोजपट्टी. आशियात ती गाठणाऱ्या पहिल्या काही देशांत पाकिस्तान होता. आपण डिसेंबर २००५ मध्ये गाठली. आपला देश मोठा, रुग्णही कितीतरी पट जास्त, त्यामुळे तुलना करू नये असं मी बाबांना म्हणाले. ते म्हणाले, "करू दे की. त्यांनी आधी केलं, तर केलं म्हणावं." आणि मग जरा थांबून, "नियंत्रणात आला म्हणजे गेला नाही. आमच्याकडं घोषणा झाली अन् खातंच आटपून टाकलं." हा त्यांचा दुखरा भाग. कुष्ठरोगाचं वेगळं काम सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळलं गेलं, आणि शेवटची काही वर्षं त्यांनी कुष्ठरोग सोडून इतरच नोंदी जास्त केल्या.

कराचीच्या बाईंनी इथे एक शहाणपणाची गोष्ट केली. रुग्ण कमी झाले म्हणून तयार झालेली पोरं घरी पाठवली नाहीत. त्याच माणसांना क्षयरोग, अंधत्व, अपंगत्व या कामांना जोडलं. कुष्ठरोगात डोळेही जातात, तेव्हा डोळे तपासायला ती शिकलेलीच होती. चट्टे शोधत दारात जाता जाता घर ओळखीचं झालेलं असतं; ती ओळख कशाला वाया घालवायची?

मला ठाऊक आहे, सिस्टर म्हटल्यावर आपल्याकडे पहिला प्रश्न कोणता येतो. हा लेख वाचतानाही काहींच्या मनात तो आला असेल. माझ्या सासरच्या एका जेवणावळीत मी हा विषय काढला तेव्हा पुरणपोळी ताटात पडायच्या आत आला: "हे सगळं धर्मांतरासाठीच ना?" मी म्हटलं, त्या पाकिस्तानात होत्या हो. तिथे कोणाला ख्रिस्ती करणार? सोबतची बहुतेक माणसं मुसलमान, रुग्ण मुसलमान, पैसा जर्मनीतून मागून आणलेला. धर्म एकाच माणसाचा बदलला होता, त्यांचा स्वतःचा, तोही जर्मनीत. जेवणावळीत क्षणभर शांतता झाली आणि मग कोणीतरी मठ्ठा मागितला.

मात्र श्रद्धेशिवाय हे झालं असतं का, असं मला कोणी विचारलं तर मी अडखळते. बाबा देवाधर्माचे नाहीत, गणपतीच्या आरतीलाही टाळ वाजवण्यापुरते. त्यांनी चौतीस वर्षं केलंच की. पण बाबांना पगार होता, संध्याकाळी घर होतं, आम्ही होतो. रूथ फाऊ सदरच्या त्या दवाखान्यातच एका खोलीत राहिल्या. हिलाल-ए-पाकिस्तान मिळाला, २००२ मध्ये मॅगसेसे मिळालं, खोली तीच. रोज पहाटे उठून त्या प्रार्थनेला बसत. त्या तासात काय व्हायचं ते मला कळणार नाही. आमच्या शाळेच्या चॅपलमध्येही सिस्टर अशाच बसलेल्या असायच्या, पाठमोऱ्या, आणि मला वाटायचं की झोपल्यात.

अंत्यविधी सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रलमध्ये झाला. राष्ट्राध्यक्ष, लष्करप्रमुख, सगळे हजर. गोरा कब्रस्तानात दफन. त्यांच्या जाण्याची बातमी जगाला सांगणारे केंद्राचे प्रमुख लोबो आडनावाचे. नाव ऐकलं की गोवा आठवावा; कराचीच्या सदरमध्ये गोव्याची माणसं कित्येक पिढ्या आहेतच, आणि १९३६ पर्यंत ते शहर आपल्याच मुंबई इलाख्यात होतं. सिंध सरकारने तिथल्या सिव्हिल हॉस्पिटलला त्यांचं नाव दिलं. लोक अजूनही सिव्हिलच म्हणत असणार. पन्नास रुपयांचं नाणंही काढलं, त्यावर त्यांचा चेहरा.

बाबांनी तो सगळा सोहळा मोबाइलवर शेवटपर्यंत पाहिला. चहा गार झाला. शेवटी म्हणाले, "एवढे मोठे लोक आले. पण टेक्निशियन कुठं बसले असतील?" मग मोबाइल उलटा ठेवून देत: "त्या बाईंचं पहिलं रजिस्टर बघायला भेटलं पाहिजे. कागद कसा होता, रकाने कसे आखले होते."

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं मंडईतून येत होतो. कोपऱ्यावर कोथिंबिरीची गाडी असते, सोलापूरकडचा एक पोरगा लावतो, विशीतला. त्याने सुटे पैसे द्यायला हात पुढे केला आणि बाबांनी पैसे न घेता हातच धरला. मला वाटलं, मोजताहेत. त्यांनी त्याचा हात उन्हात वळवला. मनगटाच्या वर, रुपयापेक्षा थोडा मोठा, फिकट डाग. कोथिंबिरीच्या पाण्याने ओला. बाबांनी तो स्वतःच्या रुमालाने पुसला.

"खाजतं का रे?"

"नाय आजोबा. लई दिस झाले, तसंच हाय."

"डोळे मिट."

पोरगा हसला. माझ्याकडे बघितलं, की हे काय. मागे दोन बायका पिशव्या घेऊन उभ्या होत्या. मी बाबांना म्हटलं, "इथे नको ना." त्यांनी ऐकलंच नाही. शर्टाच्या खिशातून पेन काढलं, टोक आत घेतलं. आधी दंडावर टेकवलं. पोराचं बोट बरोबर जाऊन पडलं. मग पुन्हा दंडावर, पुन्हा बरोबर. मग डागावर.

पोरगा डोळे मिटून उभा राहिला. ओठांवर हसू तसंच. रिक्षा गेली, बायकांतली एक पुढे येऊन जुड्या चाळायला लागली. तो वाट बघत होता.

बाबांनी टोक उचललं, कोथिंबिरीखाली अंथरलेल्या वर्तमानपत्राचा कोरडा कोपरा फाडला आणि गाडीच्या कडेवर ठेवून पेन उघडलं.

"नाव सांग," ते म्हणाले. "अन् घरात किती जण?"